युद्धकाळातलं इंग्लंड: मुलांचा खाऊ, कूपनं आणि शेजारपाजार

पावशेर

दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडच्या रेशनिंगचा विषय निघाला की लोणी, बेकन, अंडी यांचे तक्ते सगळे देतात. मुलांच्या खाऊची बोळवण मात्र ‘तेव्हा काही मिळायचं नाही’ एवढ्यावर होते. मिळायचं, आणि त्याची पद्धत बाकीच्या रेशनपेक्षा बरीच वेगळी होती. म्हणून हा धागा.

साखर रेशनवर आली ८ जानेवारी १९४० ला, बेकन आणि लोण्याबरोबर. सुरुवातीला माणशी आठवड्याला १२ औंस, पुढे ८ औंस, म्हणजे साधारण २२५ ग्रॅम. गोळ्या-चॉकलेटं मात्र २६ जुलै १९४२ पर्यंत रेशनबाहेर होती. ही मोकळीक कागदावरचीच. कोको सगळा आणि साखरही बरीचशी बोटीने यायची, जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत होत्या, त्यामुळे कारखान्यांचा कोटा कधीच कापला गेला होता. दुकानात माल आला की रांग लागे. शाळेतली पोरं आणि कामावरचे आईबाप पोचेपर्यंत बरण्या रिकाम्या. उरलंसुरलं ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी काउंटरखाली. त्यामुळे खाऊ रेशनवर आला ही पोरांच्या दृष्टीने आनंदाची बातमी होती: थोडा का होईना, हक्काचा.

प्रमाण सुरुवातीला आठवड्याला २ औंस. ऑगस्टमध्ये ते ४ औंस केलं, ऑक्टोबरपासून ३ औंस, आणि युद्धाचा उरलेला काळ बहुतेक तेच राहिलं. हिशेब चार आठवड्यांचा असे, म्हणजे १२ औंस. आठवड्याला थोडं घ्या नाहीतर एकदम उडवा, सरकारला देणंघेणं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. लोणी, साखर, बेकन यांसाठी घराचं नाव एका ठरावीक दुकानात नोंदवावं लागे आणि तिथूनच माल घ्यावा लागे. खाऊच्या कूपनांना (‘पर्सनल पॉइंट्स’, त्यावर डी आणि ई अशी अक्षरं) नोंदणीच नव्हती. देशात कुठल्याही दुकानात चालत. दुसरं म्हणजे मोठ्यांनाही तेवढाच वाटा होता. गल्लीतल्या ज्या आजोबांचे दात गेलेत त्यांनाही महिन्याला १२ औंस! माझ्या मते त्या काळच्या आठवणींत शेजारी आणि गोळ्या एकत्र येतात ते यामुळे. साखर-लोण्याचं रेशन चुलीशी बांधलेलं होतं, खाऊचं कूपन खिशातून फिरत होतं.

तराजू

चांगला विषय. दुकानाची बाजू मी घेतो.

३ औंस म्हणजे ८५ ग्रॅम. एक कडक गोळी सहा ग्रॅमची धरली तर आठवड्याला चौदा, दिवसाला दोन. युद्धाआधी गोळ्या मागायच्या त्या ‘क्वार्टर’ने, म्हणजे पाव पौंड, ४ औंस. रेशनमध्ये एक-दोन औंसांची गिऱ्हाइकं सुरू झाली आणि दुकानदाराची पंचाईत झाली. त्याला पुढचा माल मिळे तो गोळा करून दिलेल्या कूपनांच्या बदल्यात. प्रत्येक मापाला एक गोळी झुकतं माप दिलं तर बरणी संपताना कूपनं कमी पडतात आणि तेवढा माल कायमचा बुडतो. म्हणून काटा बरोबर जुळवायला गोळी फोडून अर्धी टाकायचे. हा चिकटपणा वाटतो, पण गणित तसंच होतं.

त्यात इंग्लंडची हवा दमट. साखरेच्या गोळ्या ओल धरतात, एकमेकींना चिकटतात आणि बरणीत ढेकूळ होतं. काचेच्या बरणीचं झाकण घट्ट बसणं फार महत्त्वाचं. टॉफीची लादी यायची ती छोट्या हातोडीने फोडायची, आणि तिचा चुरा कुणाच्या पुडीत घालायचा हाही प्रश्नच. कागदाचीही टंचाई, त्यामुळे पुडीचा कागद घरून आणणारी गिऱ्हाइकं दुकानदारांना प्रिय.

कूपन दिलं म्हणजे खाऊ फुकट मिळाला असं नाही, पैसे वेगळे. बऱ्याच नव्या वाचकांचा इथे घोळ होतो.

अटकमटक

पोरांनी यातून काढलेला हिशेब बघण्यासारखा आहे. कूपन वजनावर जातं, त्यामुळे चॉकलेट हा आतबट्ट्याचा सौदा: तेवढीच कूपनं आणि दोन मिनिटांत खेळ खलास. त्यापेक्षा गॉबस्टॉपर (तोंडात मावेल न मावेल असा, थराथराला रंग बदलणारा गोळा), अ‍ॅनिसीड बॉल (आपल्या बडीशेपेच्या गोळीचा मोठा भाऊ), पुदिन्याच्या पट्टेदार हंबग, पेअर ड्रॉप. नगाने जास्त हवं असेल तर डॉली मिक्श्चर, त्याचे तुकडे बारके. वाटून खायचं तर तेच बरं.

अवांतर: १९३९ मध्ये बेडफर्डमध्ये लिम्पेट माइन (जहाजाच्या बुडाला चिकटवायचा सुरुंग) बनवणाऱ्यांना पाण्यात ठरावीक वेळाने विरघळणारी वस्तू हवी होती, स्फोट उशिरा व्हावा म्हणून. शेवटी चालली ती अ‍ॅनिसीड बॉल. स्फोट घडवणारी खीळ ती गोळी अडवून धरते, पाण्यात विरघळली की खीळ सुटते. वेळ अर्ध्या तासाच्या आसपास, आणि दर वेळी जवळपास तेवढाच. त्यांनी गावातल्या दुकानांतल्या गोळ्या उचलून नेल्या. तिथल्या पोरांना बरण्या अचानक रिकाम्या का झाल्या हे अर्थातच कुणी सांगितलं नाही.

जुनी_वही

चॉकलेट तेव्हा आजच्यासारखंच होतं का? कॅडबरी वगैरे?

तराजू

@जुनी_वही, नाही. ताजं दूध चॉकलेटसाठी वापरायला १९४१ मध्ये बंदी आली. कॅडबरीने डेअरी मिल्क थांबवलं आणि साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचं ‘रेशन चॉकलेट’ काढलं. साय नाही, म्हणून ते मऊ लागत नाही, जिभेवर खडूसारखं बसतं. राउनट्रीच्या किटकॅटवर दुधाचं चॉकलेट जाऊन साधं आलं, आणि ते कळावं म्हणून लाल वेष्टनाच्या जागी निळं केलं. कॅडबरीच्या बॉर्नव्हिलच्या कारखान्याचा काही भाग तर विमानाचे सुटे भाग करत होता.

आइसक्रीम बनवण्यावर १९४२ च्या सप्टेंबरअखेर बंदी आली. काडीला टोचलेलं गाजर खाणाऱ्या मुलांचे जे फोटो फिरतात ते त्या काळातल्या सरकारी गाजरप्रचाराचे. फोटोत सगळी हसतायत, फोटोग्राफर गेल्यावर काय झालं देव जाणे.

मंद_आच

घरी काय करायचे त्यातल्या दोन कृती देते. दोन्ही आज करून बघता येतात.

*गाजराची फज.* किसलेलं गाजर ४ टेबलस्पून, जिलेटिनचं १ पान, संत्र्याचं इसेन्स किंवा थोडं स्क्वॉश. गाजर अगदी बारीक किसायचं. जेमतेम बुडेल एवढंच पाणी घालून १० मिनिटं शिजवायचं. संत्र्याची चव घालायची. जिलेटिन वेगळं विरघळवून त्यात ओतायचं, ढवळत दोन-तीन मिनिटं ठेवायचं, सपाट ताटलीत पसरून थंड जागी काही तास. मग चौकोनी तुकडे.

बिघडतं ते पाण्यामुळे. गाजर बुडून वर पाणी दिसत असेल तर एक पान पुरत नाही आणि वड्या पडत नाहीत. जिलेटिन घातल्यावर खळाखळा उकळलं तरी त्याची पकड जाते. साखर नसल्यामुळे टिकतही नाही, दुसऱ्या दिवशी संपवा. नाव फज असलं तरी ही खरं म्हणजे जेली आहे, गाजरहलव्याची अपेक्षा ठेवून बसू नका.

*नकली मार्झिपान* (खरं ते बदाम-साखरेचं). मार्गरीन २ औंस, पाणी २ टेबलस्पून, साखर ४ औंस, सोयापीठ ४ औंस, बदामाचं इसेन्स १ ते २ चमचे. मार्गरीन पाण्यात वितळवायचं, गॅस बंद करायचा, इसेन्स आणि साखर घालायची, मग पीठ. पाटावर काढून चांगलं मळायचं आणि लाटायचं. केकवर थर द्यायला किंवा बोराएवढ्या गोळ्या वळून खायला.

पीठ आचेवर असताना घातलं की तूप सुटतं आणि गोळा फुटतो. मळणं कमी पडलं तर वाळूसारखं रवाळ लागतं, कारण साखर पूर्ण विरघळलेलीच नसते.

आता यातलं रेशन मोजा. सगळ्या चरबीचं मिळून माणशी आठवड्याला साधारण ८ औंस, त्यात मार्गरीन ४ च्या आसपास. म्हणजे या एका गोळ्याला एका माणसाचं अर्ध्या आठवड्याचं मार्गरीन आणि अर्ध्या आठवड्याची साखर. वाढदिवसाच्या केकसाठी एका घराला हे जड जातं, चार घरांनी औंस-औंस दिला तर सहज जमतं. वाडग्यातून साखर उसनी नेणं हा तिथला रोजचा व्यवहार होता तो असा.

बर्मिंगहॅमकर

मंद_आच यांना पूर्ण अनुमोदन. केकवरून आठवलं: ऑगस्ट १९४० पासून केकवर आयसिंग करून विकायला बंदी होती. लग्नाच्या टेबलावर दिसतो तो तीनमजली पांढरा केक बहुधा पुठ्ठ्याचा. दुकानातून भाड्याने आणायचा, फोटो झाला की झाकण उचलायचं, आत छोटासा साधा केक.

शेजाराबद्दल: कोंबड्यांची योजना यात यायला हवी. रेशनवर आठवड्याला एक अंडं, तेही आलं तर. ज्याच्या परसात कोंबड्या आहेत तो आपली अंड्याची नोंदणी सोडून देऊ शके आणि त्या बदल्यात त्याला ‘बॅलन्सर मील’ हे कोंबडीखाद्य मिळे. शेजाऱ्यांनी आपल्या नोंदण्या त्याच्या नावावर केल्या की तेवढं खाद्य वाढे, आणि शेजाऱ्यांना अंडी थेट परसातून. खाद्य एकटं पुरत नाही. बटाट्याच्या साली, कोबीची पानं उकडून कुस्करायची आणि त्यात ते कालवायचं, ओलसर पण हातात भुगा राहील इतपत. पातळ झालं तर कोंबड्या तुडवतात आणि आंबून वास सुटतो. साली पुरवण्याचं काम आळीतल्या मुलांचं. डुकरांचे क्लबही असेच, पण त्यात अर्धं मांस सरकारला विकावं लागे.

जुनी_वही

आपल्याकडे मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग आलं ते मुख्यतः धान्यासाठी. खाऊसाठी वेगळं कूपन ही कल्पनाच गंमतशीर वाटते.

कुंपणवाला

रोजहिप सिरपशिवाय हा धागा अपुरा. संत्री येईनाशी झाल्यावर क जीवनसत्त्वासाठी सरकारने रानगुलाबाच्या फळांकडे मोर्चा वळवला. १९४१ पासून शाळा, स्काउट आणि विमेन्स इन्स्टिट्यूट (गावोगावच्या बायकांची संघटना) यांच्यामार्फत मुलं कुंपणांवरची लाल फळं गोळा करत आणि पौंडामागे काही पेन्स मिळत. सिरप कारखान्यात होई, पण घरगुती कृतीही अन्न मंत्रालयाने छापली होती:

फळं २ पौंड (९०० ग्रॅम). ३ पाइंट पाणी उकळत ठेवायचं. फळं जाड जाळीच्या यंत्रातून काढून *थेट उकळत्या पाण्यात* टाकायची. परत उकळी आली की उतरवून १५ मिनिटं ठेवायचं. जाड कापडी पिशवीतून गाळायचं. चोथा पुन्हा १½ पाइंट उकळत्या पाण्यात १० मिनिटं, पुन्हा गाळायचं. दोन्ही रस एकत्र करून १½ पाइंट उरेपर्यंत आटवायचे, १¼ पौंड साखर घालून ५ मिनिटं उकळायचं, गरम निर्जंतुक बाटल्यांत भरून लगेच बंद.

कारणं देतो, कारण इथेच लोक चुकतात. फळं आधी वाटून ताटात ठेवली तर हवेने जीवनसत्त्व झपाट्याने जातं, म्हणून वाटल्या वाटल्या उकळत्या पाण्यात. तांब्याचं भांडं अजिबात नको, तांबं त्याचा नाश लवकर करतं. बाटली लहान आणि रंगीत काचेची, अंधारात ठेवायची. मोठी फोडली की संपेपर्यंत आठवडा जातो आणि बुरशी येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फळाच्या आत बियांभोवती बारीक लव असते, ती म्हणजे खाजकुइलीच. घशाला आणि पोटाला त्रास देते. म्हणून गाळणीतून आलेला पहिला अर्धा कप परत पिशवीत ओतून पुन्हा गाळायचा. शाळेतली पोरं हीच लव एकमेकांच्या शर्टात मागून टाकत, हे तर तिथल्या प्रत्येक पिढीला माहीत आहे.

टिंब

@कुंपणवाला, ३ पाइंट म्हणजे दीड लिटरच्या आत ना? थोडं कमी वाटतंय.

कुंपणवाला

@टिंब, तो अमेरिकन पाइंट, ४७३ मिली. ब्रिटिश पाइंट ५६८ मिली. म्हणजे पाणी १.७ लिटर, दुसऱ्यांदा ८५० मिली, आणि आटवून उरवायचं तेही ८५० मिली. नेटवर या कृती अमेरिकन मापात उतरवताना हमखास घोटाळा होतो. साखर ५७० ग्रॅम, म्हणजे अडीच माणसांचं आठवड्याचं रेशन, तेव्हा घरी हे फार कुणी करत असेल असं वाटत नाही.

जामचं दुखणंही तेच. टिकाऊ जामला तयार वजनाच्या साठ टक्के साखर लागते. हात आखडला की आंबतो किंवा बुरशी धरतो. म्हणूनच १९४० मध्ये सरकारने विमेन्स इन्स्टिट्यूटला १,४०० पौंडांची (नाणं, वजन नव्हे) साखर दिली आणि गावोगावच्या केंद्रांत फळं वाया न जाता जाम झाला.

सडेतोड

सगळं वाचतोय. शेजारधर्माचं चित्र जरा जास्तच गोड होत चाललंय.

पावशेर म्हणतात तसं कूपन मुलाच्या खिशात असे हे आपल्या घरी राहणाऱ्या मुलाचं खरं. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन-चार दिवसांत शहरांतून सुमारे १५ लाख माणसं, बहुतांश मुलं, खेड्यांत हलवली. ती ज्या घरी उतरली त्या घराला सरकार एका मुलाचे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स देई, एकाहून जास्त असतील तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. पुढे या मुलांची रेशन पुस्तकं त्या घरच्या बाईच्या कपाटात असत. खाऊ कुणाच्या पानात गेला हे त्या घरावर अवलंबून. काही घरांनी पोटच्या पोरासारखं केलं, काहींनी नाही.

दुसरं, कूपनं विकणं गुन्हा होता आणि तरीही विकली जात. दात गेलेले आजोबा दर वेळी प्रेमानेच देत असं समजू नका. कधी कोळसा वर आणून दिल्याबद्दल, कधी दुकानाच्या रांगेत उभं राहिल्याबद्दल. व्यवहार होता.

पावशेर

सडेतोड, पुस्तकाचा मुद्दा मान्य, आणि महत्त्वाचा आहे. कोळशाच्या बदल्यात कूपन याला मी शेजारधर्मच म्हणेन, तुम्ही व्यवहार म्हणा.

पुस्तकांचे रंगही सांगून ठेवतो: मोठ्यांचं मातकट पिवळं, ५ ते १६ वयाच्या मुलांचं निळं, पाच वर्षांखालच्यांचं आणि गरोदर-बाळंतिणींचं हिरवं. हिरव्या पुस्तकावर रोज एक पाइंट दूध, आणि फळं आली तर आधी मान.

कूपनाशिवायचं गोड: औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या गोळ्या, आणि ज्येष्ठमधाच्या काड्या. काडी चघळून चघळून पिवळा कुंचा होईपर्यंत चाले. कोकोची भुकटीही रेशनवर नव्हती. ती थोड्या साखरेत मिसळून कागदाच्या शंकूत घ्यायची आणि ओलं बोट बुडवून चाटायचं.

१९४२ पासून अमेरिकन सैनिक आले, त्यांच्या मागे ‘गॉट एनी गम, चम?’ (चुइंगम आहे का, दोस्ता?) करत धावणारी पोरं सगळ्यांना माहीत आहेतच.

अटकमटक

८ मे १९४५ च्या, युरोपातल्या विजयदिनाच्या, रस्त्यावरच्या पंगतींबद्दल कुणी लिहा ना. एवढं सामान आलं कुठून?

बर्मिंगहॅमकर

@अटकमटक, साठवणीतून. विजय जवळ आलाय हे काही आठवडे आधीपासून दिसत होतं, त्यामुळे जेलीचे तुकडे, डब्यातली फळं घराघरांत राखून ठेवलेली. घोषणा ७ तारखेच्या संध्याकाळी झाली. ज्या गल्ल्यांनी आधी तयारी केली त्यांची पंगत दुसऱ्या दिवशी, बाकीच्यांनी पुढच्या काही दिवसांत उरकल्या. टेबलं प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातली, वर चादरी. पदार्थ बघितले तर साधेच: पेस्ट लावलेली सँडविचेस, जेली, ब्लांमांज (दुधाचं थिजवलेलं पुडिंग).

ब्लांमांज गर्दीला परवडतं कारण ते कॉर्नफ्लोअर आणि दुधाच्या भुकटीवर उभं राहतं. कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून मगच गरम दुधात ओतायचं, आणि दाट झाल्यावरही दोन-तीन मिनिटं शिजवायचं. घाईत उतरवलं की पिठूळ लागतं. क्रीमच्या नावाखाली होतं ते मार्गरीन १ औंस आणि साखर १ औंस फेटून त्यात १ टेबलस्पून दुधाची भुकटी, १ टेबलस्पून दूध. दूध थेंबाथेंबाने घालायचं, एकदम ओतलं तर फाटतं.

टिंब

मग खाऊचं रेशन १९४५ लाच संपलं?

तराजू

@टिंब, कुठलं! एप्रिल १९४९ मध्ये उठवलं, तर लोकांनी दुकानं धुऊन काढली. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली आणि ऑगस्टमध्ये परत लावावं लागलं. कायमचं उठलं ५ फेब्रुवारी १९५३ ला. त्या दिवशी खपलं काय, तर टॉफी अ‍ॅपल, नूगा आणि ज्येष्ठमधाच्या पट्ट्या. गंमत म्हणजे खुद्द साखर सप्टेंबर १९५३ पर्यंत रेशनवरच होती. म्हणजे ते सात-आठ महिने दुकानातली गोळी मोकळी आणि घरात गोळी करायची साखर कूपनवर. मांस सुटलं जुलै १९५४ मध्ये, तेव्हा सगळा कारभार संपला.

जुनी_वही

दोन शंका. अंड्याच्या भुकटीचं प्रमाण काय होतं? आणि नकली मार्झिपान आपल्या गिरणीतल्या सोयापिठाचं चालेल का? जिलेटिनला पर्यायही सांगा, घरात शाकाहारी आहेत.

मंद_आच

भुकटी: १ सपाट टेबलस्पून आणि २ टेबलस्पून पाणी म्हणजे एक अंडं. चमचा शिगोशीग घेतला की केक रबरासारखा होतो. आधी थोड्याच पाण्यात घोटून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी. कालवलेलं ठेवायचं नाही, लगेच वापरायचं. केकला असेल तर भुकटी पिठाबरोबर कोरडीच चाळून पाणी नंतर घातलेलं बरं.

गिरणीतलं कच्चं सोयापीठ नको, त्याला शेंगेचा उग्र वास येतो. एक तर सोयाबीन भाजून दळून आणा, नाहीतर पीठ मंद आचेवर कोरडंच खमंग होईपर्यंत परता आणि पूर्ण गार झाल्यावर वापरा. भाजलेलं पीठ पाणी जास्त ओढतं, अर्धा-एक चमचा हाताशी ठेवा.

जिलेटिनऐवजी चायना ग्रास. ते मात्र नुसतं विरघळून भागत नाही, पाण्यात दोन-तीन मिनिटं चांगलं उकळावं लागतं, आणि गाजर गरम असतानाच मिसळायचं, कारण ते खोलीच्या तापमानालाच आवळतं. वड्या जिलेटिनपेक्षा कडक आणि ठिसूळ पडतील.